टोपलीतली भाकर

मागच्या महिन्यात आमच्या मंडळाच्या वाचनबैठकीत 'काळजी' हा विषय निघाला, तेव्हा सगळ्यांत आधी हात वर केला तो मी. कॅथलिक घरात वाढलेल्या मुलीला हा विषय पाठच असतो. मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय, न पेरणारी न कापणारी पाखरं, रानातली फुलं, आणि उद्याची चिंता उद्यावर सोडायचा उपदेश. पाच मिनिटांत सगळं सांगून मी खाली बसले. सरांनी एवढंच विचारलं, "प्रभू येशूसमोर बसून हे ऐकणारी माणसं यहूदी होती. हे शब्द ऐकताना त्यांना आधीचं काय काय आठवलं असेल?" मला उत्तर देता आलं नाही. ते उत्तर शोधायला मी जे वाचलं, त्यातून हा लेख तयार झाला.

लिहिण्याचं दुसरं कारण जरा अवघड आहे. परीक्षेच्या आधी हॉस्टेलमधली एक मैत्रीण रात्री मेसला यायची बंद झाली. विचारलं की म्हणायची, भूक नाही. आम्हाला वाटलं पेपरचं टेन्शन. मी तिला अगदी प्रेमाने सांगितलं, "अगं, एवढी काळजी करू नकोस, देवावर सोड." पंधरा दिवसांनी कळलं, घरून पैसे येत नव्हते म्हणून तिने मेसचं एक वेळचं जेवणच बंद केलं होतं. मी जे बोलले ते शास्त्राला धरूनच होतं, आणि तरी ते बोलल्याची लाज वाटली. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, याचा उलगडा मला यहूदी गुरूंच्या चर्चेत आलेल्या एका टोपलीपाशी झाला.

मान्ना : एक दिवसाचं माप

सुरुवात निर्गमच्या सोळाव्या अध्यायापासून करायला हवी. मिसर देशातून गुलाम बाहेर पडले आहेत. महिना झाला, शिदोरी संपली, आणि रानात लोकांची कुरकुर सुरू झाली. निदान मिसरात मांसाच्या हंड्या तरी होत्या, असं ते म्हणू लागले. मग एका सकाळी दव उडून गेल्यावर जमिनीवर बारीक, खवल्यांसारखं काहीतरी पसरलेलं दिसलं. लोक एकमेकांना विचारू लागले, 'मान हू?' म्हणजे हे काय आहे? त्या प्रश्नावरूनच त्या अन्नाचं नाव पडलं, मान्ना. ज्याचं नावच एक प्रश्न आहे अशा अन्नावर एक अख्खी पिढी चाळीस वर्षं जगली.

नियम सोपे होते. दर माणशी एक ओमर गोळा करायचा. कुणी जास्त गोळा केलं, कुणी कमी, पण मापून बघितलं तर जास्तवाल्याकडे उरलं नाही आणि कमीवाल्याला पुरलं नाही असं झालं नाही. सकाळपर्यंत काही शिल्लक ठेवायचं नाही. काहींनी ठेवलंच, तर त्यात किडे पडले, घाण वास सुटला, आणि मोशे चिडला. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट, आणि ते दुसऱ्या दिवशीही चांगलं राहिलं, कारण सातवा दिवस शब्बाथचा. तरीही काहीजण सातव्या दिवशी टोपल्या घेऊन बाहेर पडलेच, आणि त्यांना काही मिळालं नाही. मला या गोष्टीत ही माणसं फार आवडतात. सांगितलेलं कळत असूनही एकदा बाहेर जाऊन बघून येणारी.

एक तपशील मी इतकी वर्षं वाचूनही पाहिला नव्हता. निर्गमच्या पहिल्याच अध्यायात सांगितलंय की या गुलामांकडून फारोने पिथोम आणि रामसेस ही कोठारांची नगरं बांधून घेतली होती. म्हणजे ज्यांच्या हातांनी दुसऱ्याची कोठारं उभी राहिली, त्यांना रानात पहिला धडा मिळाला तो न साठवण्याचा. साठा कुणाचा, राबणारे हात कुणाचे, हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं. अध्यायाच्या शेवटी एक ओमर मान्ना बरणीत भरून पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेवायला सांगितलंय. साठवायला परवानगी मिळालेली ती एवढीच एक बरणी, आणि ती खाण्यासाठी नव्हतीच, नुसती बघण्यासाठी होती.

इथे थोडं थांबून आपल्या रोजच्या प्रार्थनेकडे बघू. 'आमच्या बापा'मधली रोजची भाकर मागताना आपण जो 'रोजची' शब्द वापरतो, त्याच्या जागी ग्रीकमध्ये 'एपिऊसिओस' असा शब्द आहे. हा शब्द या प्रार्थनेबाहेर जवळजवळ सापडतच नाही, त्यामुळे त्याचा नेमका अर्थ काय यावर विद्वान अजून भांडतात. संत जेरोम यांनी लॅटिन करताना लूकमध्ये त्याचा अर्थ 'दैनंदिन' असा घेतला आणि मत्तयमध्ये 'द्रव्यापलीकडची' अशा अर्थाचा भारदस्त शब्द घातला. एकाच माणसाने, एकाच ग्रीक शब्दाला, दोन ठिकाणी दोन अर्थ दिले! भाषांतराच्या पेपरला बसणाऱ्या आपल्यासारख्यांना यातून थोडा धीर यायला हरकत नाही. पण मान्नाची गोष्ट ज्यांच्या रक्तात भिनलेली होती, त्या श्रोत्यांना 'आजच्यापुरती भाकर' म्हटल्यावर तो ओमर आठवला नसेल असं मला तरी वाटत नाही.

टोपली असलेला आणि नसलेला

मान्नाबद्दल यहूदी गुरूंनी पुढे खूप चर्चा केली. मिश्ना हा त्यांच्या मौखिक नियमांचा संग्रह इ.स. २०० च्या सुमारास सिद्ध झाला, आणि त्यावर बाबिलोनमध्ये पुढची काही शतकं जी चर्चा चालली तिचा ग्रंथ म्हणजे बाबिलोनी तालमूद. तालमूदच्या 'योमा' या भागाचा विषय प्रायश्चित्ताचा दिवस हा आहे. तिथे मान्ना येतो तो अगदी अनपेक्षित वाटेने. अनुवादच्या आठव्या अध्यायात म्हटलंय की देवाने लोकांना मान्ना देऊन दीन केलं, कष्ट दिले. गुरूंनी विचारलं, पोटभर अन्न देण्यात कष्ट कसले?

या प्रश्नाला रब्बी अम्मी आणि रब्बी अस्सी या तिसऱ्या शतकातल्या दोघा मित्र-गुरूंची उत्तरं दिली आहेत. एकाचं म्हणणं असं की ज्याच्या टोपलीत भाकर आहे तो आणि ज्याच्या टोपलीत नाही तो, हे सारखे नसतात. दुसऱ्याचं म्हणणं, डोळ्यांनी पाहून खाणारा आणि न पाहता खाणारा सारखे नसतात. पहिलं उत्तर मला जास्त भिडलं. मान्ना खाणाऱ्याचं आज पोट भरलेलं आहे, पण रात्री झोपताना त्याची टोपली रिकामी आहे. उद्या मिळणार हे त्याला सांगितलेलं आहे, पण हातात काही नाही. तालमूद या अवस्थेला कष्ट म्हणतं. 'श्रद्धा कमी' असा शेरा इथे कुणी मारलेला नाही.

याच ग्रंथात थोडं आधी हीच म्हण वेगळ्या प्रसंगी आली आहे. मंदिर उभं होतं त्या काळी प्रायश्चित्ताच्या दिवशी एक माणूस बोकड घेऊन रानात जायचा. वाटेत दहा मांडव असत, आणि दर मांडवात त्याला सांगत, हे बघ अन्न, हे बघ पाणी. दिवस कडक उपासाचा! तरीही गरज पडली तर खायची मुभा होती. तालमूद सांगतं की एकाही माणसाला ते अन्न कधी खावं लागलं नाही. मग ठेवायचं कशाला? तर टोपलीत भाकर असलेला आणि नसलेला सारखे नसतात म्हणून. अन्न आहे एवढं कळलं की पाय चालतात. ज्यांनी घरात महिन्याचा किराणा भरलेला आणि न भरलेला असे दोन्ही दिवस पाहिलेत, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

आता याच्या अगदी उलट वाटणारं वचन 'सोटा' या भागात आहे. रब्बी एलिएझर, पहिल्या शतकाच्या अखेरचे मोठे गुरू, म्हणतात की ज्याच्या टोपलीत भाकर आहे आणि तरी जो 'उद्या काय खाऊ' असं विचारतो, तो अल्पविश्वासी. 'अल्पविश्वासी' हा शब्द ऐकून कान टवकारले ना? मत्तयच्या त्याच सहाव्या अध्यायात प्रभू येशूनेही श्रोत्यांना हेच संबोधन वापरलंय. म्हणजे त्या काळच्या गुरूंच्या बोलण्यातला हा ओळखीचा शब्द असावा. पण रब्बी एलिएझरच्या वाक्यातली अट पाहा. टोपलीत भाकर *आहे* असा माणूस. हे वचन रिकाम्या टोपलीवाल्याला उद्देशून नाहीच.

ही अट मी माझ्या मैत्रिणीशी बोलताना विसरले होते. खरं तर विसरले असंही नाही, मी तिच्या टोपलीत डोकावलेच नव्हते.

मान्नाबद्दलची आणखी एक चर्चा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. शिष्यांनी रब्बी शिमोन बार योहाय यांना विचारलं, मान्ना वर्षातून एकदाच का नाही पडला? रोज रोज कशाला? त्यांनी राजाचा दृष्टांत दिला. एका राजाचा मुलगा होता. राजा त्याला वर्षाची बेगमी एकदम द्यायचा, तर मुलगा बापाचं तोंड वर्षातून एकदा बघायचा. मग राजाने रोजचं रोज द्यायला सुरुवात केली, तसा मुलगा रोज येऊ लागला. पुढे ते म्हणतात, ज्याला चार-पाच लेकरं आहेत तो बाप रोज काळजी करायचा की उद्या मान्ना पडला नाही तर ही सगळी भुकेने मरतील, आणि म्हणून सगळ्यांचं मन स्वर्गातल्या पित्याकडे लागून राहायचं. चमत्काराचं अन्न रोज खाणारा हा बाप रोज घाबरतो, आणि गुरू त्याला रागावत नाहीत. याच प्रश्नाची आणखी दोन उत्तरं तिथेच नोंदवली आहेत: रोज पडला म्हणजे गरम खाता येतो, आणि रानातून ओझं वाहावं लागत नाही. इतक्या गंभीर चर्चेत 'गरम खाता येतो' हे कारण बिनदिक्कत लिहून ठेवणारे लोक मला आपल्या घरातल्या आजीसारखे वाटतात.

एका अक्षराचे दोन उच्चार

भाषेच्या विद्यार्थ्यांसाठी या सगळ्यातला सर्वांत रसाळ भाग पुढचा आहे. नीतिसूत्रे १२:२५ मध्ये म्हटलंय की मनातली चिंता माणसाला वाकवते, आणि चांगला शब्द त्याला आनंदित करतो. 'चिंता' यासाठी हिब्रू शब्द 'देआगा', आणि 'वाकवते' यासाठी 'यश्‌हेन्ना' असं क्रियापद. आता हिब्रू लिपीत 'श' आणि 'स' यांचं अक्षर एकच. उजव्या खांद्यावर टिंब असेल तर श, डाव्या खांद्यावर असेल तर स. पण ही टिंबं खूप नंतर आली, जुन्या गुंडाळ्यांत ती नाहीत. म्हणजे वाचणाऱ्याने उच्चार ठरवायचा.

पुन्हा आपले अम्मी आणि अस्सी. दोघांनीही ते अक्षर 'स' धरून वाचलं, आणि तरी दोन अर्थ निघाले. एक म्हणाला, चिंता मनातून काढून टाकावी. दुसरा म्हणाला, चिंता दुसऱ्यांना सांगावी. कोणतं मत कुणाचं हे तालमूद सांगतच नाही. 'एक म्हणाला, दुसरा म्हणाला' एवढंच. दोघांत कोण बरोबर याचा निकालही दिलेला नाही.

मराठीत हे दोन्ही सल्ले आपण रोज देतो. कुणी रडवेलं होऊन आलं की आपण म्हणतो, 'मनावर घेऊ नको.' आणि कुणी गप्प गप्प असेल तर म्हणतो, 'बोल गं, बोललीस की मन मोकळं होईल.' कुठे कोणता सल्ला लागू पडेल हे आपण अंदाजाने ठरवतो. मला वाटतं तालमूदने निकाल दिला नाही तो यासाठीच. पेपर देऊन झाल्यावर निकालाची काळजी मनातून काढून टाकण्यासारखी असते, कारण आता हातात काही नाही. पण मेसचे पैसे नाहीत ही काळजी मनातून काढून टाकता येत नाही, काढली तरी रात्री आठला पोटातून परत येते. ती दुसऱ्याला सांगावीच लागते. माझ्या मैत्रिणीने सांगितली नाही, कारण आमच्यापैकी प्रत्येकीने तिला पहिला सल्ला आधीच देऊन ठेवला होता.

आपल्या वाट्यात आनंदी

समाधानाबद्दलचं सर्वांत प्रसिद्ध यहूदी वचन 'पिर्के आवोत' म्हणजे 'पूर्वजांची वचनं' या मिश्नाच्या भागात, चौथ्या अध्यायाच्या सुरुवातीला आहे. बेन झोमा हा गुरू चार प्रश्न विचारतो: ज्ञानी कोण, शूर कोण, श्रीमंत कोण, मानाचा कोण. प्रत्येकाचं उत्तर नेहमीच्या समजुतीला उलटं पाडणारं. सगळ्यांकडून शिकतो तो ज्ञानी, स्वतःच्या वासनेला जिंकतो तो शूर, दुसऱ्यांना मान देतो तो मानाचा. आणि श्रीमंत कोण? आपल्या 'हेलेक'मध्ये जो आनंदी आहे तो.

'हेलेक' म्हणजे वाटा, हिस्सा. हाच शब्द जमिनीच्या वाटणीसाठीही येतो. भाषांतर करताना आपल्या जिभेवर पटकन 'नशीब' येतं, आणि मग वचनाचा सूर बदलतो. नशीब कपाळावर लिहिलेलं असतं. वाटा शेतासारखा असतो, त्यात राबावं लागतं. बेन झोमाने आधाराला जे स्तोत्र घेतलंय तेही हेच दाखवतं. १२८ व्या स्तोत्राची दुसरी ओवी, स्वतःच्या हातांच्या कष्टाचं फळ खाणाऱ्याला सुखी म्हणणारी. आयतं मिळालेलं गोड मानून घेणारा इथे अभिप्रेत नाही. समाधान म्हणजे हात बांधून बसणं अशी जी आपली एक समजूत असते, तिला या वचनात जागा नाही.

याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात हिल्लेल हा थोर गुरू मोठी यादी देतो, काय वाढलं की काय वाढतं. त्यात मालमत्ता वाढली की चिंता वाढते, असं आहे. शब्द तोच, 'देआगा'. टोपली रिकामी असली तरी देआगा, भरून वाहू लागली तरी देआगा. मधे कुठेतरी तो एक ओमर आहे.

मध्ययुगात या विषयावर सलग ग्रंथ लिहिला तो बहिया इब्न पाकुदा यांनी. स्पेनमधल्या सारागोसाचे, अकराव्या शतकातले. त्यांनी 'हृदयाची कर्तव्यं' हा ग्रंथ अरबीत लिहिला, आणि बाराव्या शतकात यहूदा इब्न तिब्बोन यांनी तो हिब्रूत नेला. ग्रंथाची दहा दारं आहेत, चौथं दार 'बिताहोन'चं, म्हणजे भरवशाचं. आरंभीच ते भरवसा ठेवणाऱ्याची तुलना किमयागाराशी करतात. सोनं करणारा किमयागार लोकांना भाग्यवान वाटतो, पण त्याला द्रव्यं लागतात, ती मिळतील की नाही ही धास्ती, गुपित फुटेल ही धास्ती, विषारी धुराची धास्ती. सोनं करता येणाऱ्या माणसालाही झोप नाही! पण म्हणून बहिया शेतकऱ्याला नांगर टाकून दे म्हणत नाहीत. नांगरायचं, पेरायचं, खुरपायचं, आणि मग पिकाचा भरवसा देवावर. विष पिऊन देव वाचवेल असं म्हणणाऱ्याला तर ते स्पष्ट दोषी धरतात.

अलीकडचे एक नाव घेऊन हा भाग संपवते. 'हझोन ईश' या नावाने ओळखले जाणारे अव्राहाम येशाया कारेलिट्झ (१८७८–१९५३) यांनी बिताहोनबद्दलचा एक जुना गैरसमज दाखवून दिला. भरवसा म्हणजे माझ्या मनासारखं होईलच अशी खात्री बाळगणं, असं लोक समजतात, आणि तेच चुकतं. पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नाही. जे होईल ते आंधळ्या योगायोगाने होत नाही, देवाच्या हातून निसटून होत नाही, एवढंच बिताहोन सांगतं. निकालाच्या आदल्या रात्री 'सगळं छान होणार बघ' म्हणून पाठ थोपटणाऱ्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, हे दोनदा वाचावं.

शनिवारचा घाणा

एवढं सगळं वाचल्यावर प्रश्न उरतो की हे जमवायचं कसं. मन काही सांगून ऐकत नाही. यहूदी परंपरा मनाला फार समजावत बसत नाही. ती आठवड्यातून एक दिवस हातच थांबवते. शब्बाथला काम नाही, धंदा नाही, चूल पेटवणं नाही. मान्नाच्या गोष्टीतला सातवा दिवस दर आठवड्याला पुन्हा जगायचा.

याचा एक पुरावा आपल्या मराठीतच आहे. कोकणात, विशेषतः आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले, मराठी बोलले, आणि त्यांच्यातले बरेच जण तेल गाळण्याचा धंदा करत. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज नौगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले आणि त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले. ग्रंथ नाही, गुरू नाही, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले, तर सोमवार पाळणारे दुसरे ते 'सोमवार तेली'. धंदेवाल्याच्या नजरेने बघा. दर आठवड्याला एक दिवस बैल उभा, गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात. तो तोटा त्यांनी शतकानुशतकं सोसला, आणि तो इतका नेमाने सोसला की शेजाऱ्यांनी त्यांचं नावच त्यावरून ठेवलं.

शब्बाथची वाट कशी बघायची यावरही दोन स्वभाव दिसतात. तालमूदच्या 'बेत्सा' या भागात सांगितलंय की शम्माय या गुरूला बाजारात छान जनावर दिसलं की तो म्हणायचा, हे शब्बाथसाठी. आणखी चांगलं दिसलं की ते ठेवायचा आणि पहिलं खाऊन टाकायचा. म्हणजे आठवडाभर खाणं शब्बाथच्या नावानेच चालू! हिल्लेलची रीत वेगळी. तो ६८ व्या स्तोत्राचा आधार घेऊन प्रत्येक दिवसासाठी त्या त्या दिवशी देवाचे आभार मानायचा. आमच्या हॉस्टेलमध्येही दोन्ही पंथ आहेत: घरून आलेला लाडूचा डबा रविवारसाठी राखणारे, आणि उघडल्या उघडल्या संपवणारे. दोघांना आपापले रब्बी आहेत हे कळल्यावर दोन्ही बाजूंना आनंद झाला.

दोन जेवणं, चौदा जेवणं

आता पुन्हा टोपली. मिश्नाच्या 'पेआ' या भागाच्या शेवटच्या अध्यायात गावातल्या गरिबांसाठी दोन सोयी सांगितल्या आहेत. एक 'तम्हुई', म्हणजे थाळा. त्यात रोज घरोघरचं अन्न गोळा होई आणि रोज वाटलं जाई, अगदी वाटसरूलाही. दुसरी 'कुप्पा'. या शब्दाचा अर्थच टोपली. ती गावातल्या गरिबांसाठी, आठवड्याची. कुप्पा गोळा करायला किमान दोन माणसं लागत आणि वाटायला तीन. तालमूद कारण सांगतं: लोकांकडून घेणं हा अधिकार गाजवण्याचा मामला, तो एकट्याने करू नये, आणि वाटणं हे न्यायनिवाड्यासारखं, म्हणून तिघे.

कुणी घ्यायचं याचं मापही दिलंय. ज्याच्याकडे दोन जेवणांपुरतं आहे त्याने तम्हुईतून घेऊ नये. ज्याच्याकडे चौदा जेवणांपुरतं आहे त्याने कुप्पातून घेऊ नये. गावात आलेल्या वाटसरूला किमान एक भाकर, रात्र राहिला तर निजण्याची सोय, शब्बाथला राहिला तर तीन जेवणं. त्याची श्रद्धा किती, तो आपल्या वाट्यात आनंदी आहे का, हे विचारायचा नियम तिथे नाही. बेन झोमा आणि पेआ एकाच मिश्नात आहेत, पण दोन्हींचे श्रोते वेगळे. रब्बी एलिएझर ज्याला अल्पविश्वासी म्हणतात त्याच्या टोपलीत भाकर आहे. ज्याच्या टोपलीत नाही, त्याची उद्याची काळजी गावाने मोजून आपल्या टोपलीत घेतली आहे.

माझ्या मैत्रिणीकडे त्या पंधरा दिवसांत दिवसाला दोन जेवणं नव्हती, एकच होतं. मिश्नाच्या हिशेबाने ती थाळ्याची हक्कदार होती, आणि मी तिला पाखरांच्या आणि फुलांच्या गोष्टी सांगत होते. नंतर आमच्या मजल्यावर काय झालं ते इथे लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही. एवढंच सांगते की गोळा करायला दोघी गेलो होतो.

शेवटी चौदाच्या आकड्याबद्दल, कारण बैठकीत कुणीतरी विचारणारच. त्या काळी दिवसाला दोन जेवणं, म्हणून आठवड्याची चौदा. पण शब्बाथला तर तीन जेवणं घ्यायची असतात, मग पंधरा व्हायला हवीत. हा प्रश्न तालमूदनेही 'शब्बाथ' या भागात विचारलाय. कुप्पा शुक्रवारी वाटली जायची, पुढच्या शुक्रवारपर्यंत पुरेल अशी. उत्तर असं दिलंय की गरिबाने शनिवारी रात्रीचं जेवण शब्बाथ संपायच्या आतच, तिसरं म्हणून खाऊन घ्यावं. त्यामुळे शब्बाथची तीनही होतात आणि आकडा चौदाचाच राहतो.